कानाचो वाटो

तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली
की वाळूवर ढीग पडतात:
जाळ्याचा, होडीचा, दोर धरणाऱ्यांचा,
आणि कडेला लहानसा, देवाचा.
चार वर्षांपूर्वी त्याच्या शेजारी आणखी एक पडू लागला.
माझ्या वहीत त्याचा रकाना मी हातानेच आखला,
पट्टी सापडली नाही म्हणून जरा वाकडा.
वर लिहिलं: कान.

मिथिल तेव्हा सहा वर्षांचा.
हाक मारली तर वळायचा नाही,
पण दोराला हात लावला की सांगायचा
जाळ्यात काय येतंय ते.
बांगडा असला की बोटं भराभर हलायची,
तारली असली की नुसता पंजा थरथरायचा,
शेवाळ असलं की हात झटकून मोकळा.
आम्ही चाळीस माणसं ओरडत ओढायचो
आणि मधूनमधून त्याच्या बोटांकडे बघायचो.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनची किंमत सांगितली,
दोन्ही कानांचे मिळून अठ्ठेचाळीस हजार,
तेव्हा सुगंधाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली,
जणू कोणी आत्ताच मागतंय.
संध्याकाळी भिकाजी तांडेल विडी विझवून म्हणाला,
"जसो देवाचो, तसो पोराच्या कानाचो. काढा वाटो."
कोणी हरकत घेतली नाही.
खरं तर एकाने घेतली. त्याचं नाव वहीत नाही.

पहिल्या दिवशी सहाशे चाळीस.
मग एकशे दहा, शून्य, शून्य.
गणपतीनंतर एकदा बांगडा असा आला
की कानाच्या वाट्यालाच दोन टोपल्या.
आणि बाहेरच्या बोटी रात्री दिवे लावून
समोरचं पाणी उपसून गेल्या, त्या आठवड्यांत
मी रकान्यात फक्त तारखा लिहिल्या.
देवाच्या ढिगातही तेव्हा काही नव्हतं,
तेवढी बरोबरी झाली.

उरलेले पैसे एका ट्रस्टने घातले.
माणसं चांगली. शाल, नारळ, बॅनर,
बॅनरवर मशीनच्या दहापट मोठी नावं.
फोटोत मिथिलने मान फिरवली, कान आलेच नाहीत.
पुन्हा काढू म्हणाले,
तोवर तर सुटायची वेळ झाली.

मशीन चालू केलं. सुगंधाने नाव घेतलं.
त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं, नेहमीसारखंच.
मग वर, पंख्याकडे.
एवढंच.
पहिलं अख्खं वाक्य बोलायला दीड वर्ष गेलं,
तेही समुद्राकडे बोट दाखवून, तक्रारीच्या सुरात:
"ह्यो थांबणा नाय."

पैसे फिटले, वाटा बंद करायचा का, अशी सभा बसली.
मी वही वाचली:
सेल दर आठवड्याला नवे.
कानातला साचा, पोर वाढतं तसा बदलायचा.
खारा वारा आत शिरतो, म्हणून रात्री डबा,
डब्यात तांदळाची पुरचुंडी.
आणि रेवंडीच्या रॉड्रिक्सांची मेलिसा,
वय तीन, मशीन अजून नाही.
"रेवंडेकर रापणीक येतत?" भिकाजीने विचारलं.
"नाय," मी म्हणालो.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग ज्याचं नाव वहीत नाही
त्याने आपल्या ढिगातले चार बांगडे उचलून
तिकडे टाकले, आणि पाय धुवायला गेला.
नाव आताही लिहिलेलं नाही. त्यानेच सांगितलं तसं.

दोर धरायच्या आधी मिथिल मशीन काढून मला देतो.
दोराला ते लागत नाही, म्हणतो.
मी ते सदऱ्याच्या खिशात ठेवतो, पेनाशेजारी.
कधी बंद करायला विसरतो तो,
मग खिशात त्याची बारीक शिटी वाजत राहते.
मला ती हल्ली ऐकू येत नाही,
बाजूचे सांगतात.
मी खिसा चाचपतो, कळ शोधतो,
आणि तिकडे पाण्यात गुडघाभर उभ्या
त्या पोराची बोटं
भराभर हलू लागलेली असतात.