बरा झाला, या रकान्यात

हरमटान सुटला की उरोमीच्या रस्त्यावर
ट्रक दिवसाढवळ्या दिवे लावून जातात.
त्याच दिवसांत डांबराच्या कडेला
कसावा वाळत पडतो, पांढराशुभ्र,
आणि रात्री उंदीर त्यावरून फिरून जातात.
ते काही मोडत नाहीत, सांडत नाहीत.
फक्त मुततात.
आमचा सगळा विभाग त्या एका क्रियापदावर चालतो.

इसिबोर आला तो जानेवारीत.
ताप, सुजलेला चेहरा, हिरड्यांतून रक्त.
दहा दिवस शिरेतून औषध,
दहा दिवस मी त्याला पाहिलं
गॉगलच्या धुकट काचेतून,
त्यानं माझे डोळे तेवढे पाहिले.
अकराव्या दिवशी त्यानं मिरचीचं सूप मागितलं.
मी वहीत लिहिलं : बरा.
खाली रेघ मारली. दोनदा.

महिन्यानं त्याची बायको ओमोनिघो त्याला ओढत घेऊन आली.
"डॉक्टर, हा रुसलाय का माझ्यावर?
हाकेला ओ देत नाही."

नादकाटा गुडघ्यावर आपटून
मी त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवला.
तो हसला. गुदगुल्या होतात, म्हणाला.
म्हणजे काटा वाजत होता.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या.
बरी, बरा, बरा, बरी.
एकेकाला फोन लावत बसले,
आणि तिसरा न उचललेला फोन ठेवताना
मला माझीच लाज वाटली :
मी बहिऱ्यांना फोन करत होते.

मग मोटारसायकल काढली.

इसिबोरची कसाव्याची गिरणी आहे.
पट्टा तुटणार हे त्याला दोन दिवस आधी ऐकू यायचं,
लांबलांबची माणसं त्याला बोलावून न्यायची.
आता तो यंत्राच्या पत्र्याला तळहात लावून उभा राहतो,
डोळे मिटून,
गाभण शेळीच्या पोटाला लावावा तसा.
मला खुणेनं म्हणाला, लाव हात.
लावला.
मला काहीच कळलं नाही.
त्याला माझी दया आली असावी,
त्यानं मला स्टूल दिलं.

वहीत सातवा रकाना आखलाय.
मथळा अजून सुचलेला नाही.
अबुजाहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कशाचा?
म्हटलं, नंतरचा.
त्यांनी पान उलटलं.

आज त्याच्याच गिरणीत पिंजरे लावलेत,
आमिषाला सुकी मासळी, पामतेलात बुडवून.
राखणीला म्हणून तोही थांबला
आणि पोत्यांना टेकून झोपी गेला.
धुळीत चंद्र जुन्या नाण्यासारखा.

पावणेतीनला खटका पडला,
कोरडा, मोठा.
मी हातमोजे चढवले. दोन जोड्या.
त्यानं कूसही बदलली नाही.