कोटाची पाठ

इटलीच्या मासिकातलं एक पान
स्टुडिओच्या माणसानं दस्तगीरमामांच्या मशीनवर ठेवलं.
"हिरोला अस्सा कोट. सोमवारी शूटिंग."

मामांनी चष्मा कपाळावर सारला.
अरुंद कॉलर, तीन बटणं,
खांदा अंगावर नुसता टेकलेला.
"झ्याक हाय. पन ह्येची पाठ कुठाय?"
पान उलटलं. मागं अत्तराची जाहिरात.

गंगावेशीत रात्रभर एकच दिवा.
पुढचा भाग मिलानचा, तंतोतंत.
पाठ मात्र मामांनी आठवून बेतली :
थोरला हसन तालमीतनं यायचा
अंगाची माती न झाडता,
आणि दारात वाकून पायताण काढायचा, ती.

पिक्चर लागला. पुढच्या बाकांवर आम्ही पोरं.
शेवटाला हिरो तिला सोडून
रंकाळ्याच्या काठानं चालू लागला
(पिक्चरात ते इटलीतलं तळं होतं)
आणि अख्खं थेटर गप्प,
त्या जाणाऱ्या पाठीकडं बघत.

हिरोला ती भरली नव्हती.
डाव्या खांद्याखाली एक चुणी पडत होती.
अंधारात मामा
बोटानं हवेतच
ती सारखी करत राहिले.