वजनाची वही

बाहेर उणे एकतीस. पापण्यांवरचा बर्फ वितळेपर्यंत
तुयाना बादमायेव्हा प्रयोगशाळेत कशालाही हात लावत नाही.
मग तराजू शून्यावर आणते.

सिलिकाचं जेल काय, विरजलेल्या दुधासारखं
रात्रीतून आपसूक बसतं.
अवघड असतं त्यातलं ओलं काढून घेणं,
सांगाड्याला सुगावा न लागता.
दाब चढवत, आच चढवत न्यायचं तिथवर
जिथे द्रव की वायू हे त्यालाही सांगता येत नाही,
आणि झडप केसभर उघडी ठेवून
अठरा तास बसून राहायचं.
घाई केली की तडा.
इन्नोकेंती साव्विचने घाई केली ती एकदाच,
मुलगी झाली त्या रात्री.
ते तुकडे अजून जॅमच्या बाटलीत आहेत.

ही वडी मात्र अखंड निघाली.
काळ्या कापडावर निळी,
खिडकीशी धरली तर फिकट पिवळी,
तळहातावर असून नसल्यासारखी.

गुरुवारी तो किल्ल्या परत द्यायला आला.
एकेचाळीस वर्षं. तिच्याच स्टुलावर बसला,
पेटीचं झाकण उघडं, आणि बोलत राहिला:
मेव्हण्याच्या अल्ताईतल्या मधमाश्या,
डावा गुडघा,
तो दाबमापक, जो पहिल्यापासून दोनने कमी दाखवतो
आणि ज्याची आता सगळ्यांना सवय झाली आहे.
मध्येच गप्प झाला. टोपी कानावर ओढली.
‘जाऊ दे, उगाच तोंडाची वाफ दवडली.’

शुक्रवारी तिने वडी तोलली.
सोमवारी एकेचाळीस पूर्णांक तीन होती.
आज, पूर्णांक सात.
तिने पारडं पुसलं, पुन्हा तोलली.
सात.

दवडली नव्हती तर.

वहीत रकाना होता: ओलावा.
तिने ०.४ लिहिलं, आणि पेन्सिल
जरा वेळ तिथेच टेकवून ठेवली.

मंगळवारी पेटी निघायची होती.
ती जिथे जाणार, तिथली माणसं
प्रकाशाचं वाकणं चौथ्या दशांशापर्यंत मोजतात
आणि इन्नोकेंतीला ओळखत नाहीत.
तिने भट्टी पाचशेवर लावली,
वडी आत सरकवली, दार लावलं.
चहा करायला गेली, केला नाही.

संध्याकाळी: एकेचाळीस पूर्णांक तीन.

जाताना तिने दाबमापकावर
एक चिठ्ठी चिकटवली,
दुरुस्त करू नये.