तेरावा संदर्भ

बोडीवरून अर्जुनीला कॉलेजात आलो,
पॅन्टला शेवाळ तसंच.
स्टाफरूममध्ये लाइन होती, बसून घेतलं.
यंत्राला म्हटलं, माझं इंग्रजी तेवढं नीट कर.
त्यानं केलं. सुपात धान पाखडावा तसं,
फोलपट बाजूला.

पण खाली चौदा संदर्भ लावून दिले, न मागता.
तेराव्यात लेखक, साल, खंड,
पानं दोनशे सहा ते दोनशे अकरा,
सगळं जागच्या जागी.
नागपूरच्या ग्रंथपालांना फोन केला.
त्या खंडाला पानंच एकशे ऐंशी.

आणि एक आकडा: दाडक मासा
पाण्याच्या अमुक तापमानाला अंडी घालतो.
माझा थर्मामीटर तर मार्चातच फुटलेला.

संध्याकाळी परत पाळीवर गेलो.
कौतिकाबाई नान्हे जाळं झटकत होत्या.
आकडा वाचून दाखवला.
"कोनं मोजलं?"
कोणीच नाही, बाई.
"मंग नोको लिहू गा मास्तर.
दाडकीले अंडे घालाले चिला लागते पान्यात.
तो चिलाच गेला औंदा,
ते लिवलं का?"

नव्हतं लिहिलं.

रात्री खोडत बसलो. चौदातले पाच उरले,
मी स्वतः वाचलेले.
शेवटी नोंद केली: भाषा यंत्राकडून तपासली,
कुठल्या परिच्छेदांत, तेही.
माशांची नावं आणि चिल्याची गोष्ट:
कौतिकाबाई नान्हे, बोडीची पाळ, तीन पावसाळे.

त्या नावाखाली पडद्यावर लाल रेघ उमटली.
राहू दिली.