शेवटून दुसरा

पत्र आलं त्या संध्याकाळी वडिलांनी ते
चहाच्या बरणीखाली दाबून ठेवलं.
जेवणं झाल्यावर म्हणाले,
"ग्वेनल्यन, शाळेत जातेस ना? वाच बरं मोठ्यानं."

न्यूमोकोनिओसिस.
पहिलं अक्षर पी. लिहायचं असतं, उच्चारायचं नसतं.
"म्हणजे मॅनेजरच्या दारातला मी," ते म्हणाले,
"टोपी हातात धरून."

मी शब्दाची फोड केली, शिळा पाव मोडावा तशी:
न्यूमो, फुप्फुस. कोनि, धूळ.
ओसिस, जडलेलं काहीतरी.
सगळं ग्रीक, बाई म्हणाल्या होत्या.
"ग्रीसमध्ये कोळसा निघतो का गं?"
मला माहीत नव्हतं.

आमच्या वेल्शमध्ये धूळ एकाच अवयवात मावते: ह्लूख.
घसा खाकरल्यासारखी.
अख्खी गल्ली तेवढंच म्हणायची, इल्तिदला धूळ लागली.
पण मंडळापुढे पूर्ण नाव घ्यावं लागतं,
युनियनचा हॉवेल दारातूनच सांगून गेलेला.

मग रोज रात्री मी चमच्यानं टेबलावर ठोके द्यायची.
न्यू. मो. को. नि. ओ. सिस.
सगळ्यात मोठा आघात पाचव्यावर.
"शेवटून दुसरा!" वडील हसले. "आपल्या बोलीसारखाच की.
एवढा एक ठोका तरी घरचा निघाला."

पण त्यांचा श्वास चारांनाच पुरायचा.
न्यूमोकोनि
आणि मग खुर्चीची पाठ घट्ट धरून थांबायचे,
जिन्यात कठड्याशी थांबायचे तसे.
आघात वरच्या पायरीवर वाट बघत उभा.

"मधेच दम घ्या," आई म्हणाली.
"शब्दाच्या मधे कुणी दम घेतं का, मॅर्गेड?"

कार्डिफला मी सोबत गेले.
टेबलामागे तिघं. दिव्यापुढे धरलेला छातीचा फोटो,
काळ्या डबक्यावर भुरभुरलेल्या बर्फासारखा.
"आजाराचं नाव?"
न्यूमोकोनि
मधल्या डॉक्टरनं मान वर न करता पुरं केलं:
ओसिस.
किती सहज. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलावा तसं.

तीस टक्के, त्यांनी लिहिलं.

परतीच्या गाडीत बराच वेळ
वडील गुडघ्यावर बोटं मोडत होते.
पाँटिप्रिद गेलं. बोगदा गेला.
"सहातले चार मी म्हटले," ते म्हणाले,
"त्याचे टक्के किती होतात गं?"