हलू नका

चाळीस वर्षं मी लोकांना एवढंच सांगत आलो.
मोती चौकात, जिना चढून वर, ‘छबी फोटो स्टुडिओ’त :
हनुवटी जरा खाली. डोळे माझ्याकडं. हलू नका.
आणि लोक हलत नसत.
भरतीला निघालेली पोरं, बारावीचे फॉर्म भरणाऱ्या मुली,
एकाच कोटात आळीपाळीनं फोटो काढणारे तीन भाऊ,
स्टुलावर बसले की श्वाससुद्धा मला विचारून घेत.

आता गोडोलीत, मागच्या अंगणात,
प्लास्टिकच्या खुर्चीवर, कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून
मीच बसतो न हलता
आणि बोटाएवढा एक जीव
मला गिनत नाही.

शेजारचा सुमेध कुंपणावरून ओरडतो,
आजोबा, हमिंगबर्ड!
नाही रे. तो तिकडचा, समुद्रापारचा.
हवेत एका जागी उभा राहतो म्हणे.
आपला हा शिंजीर. ह्याला देठाचा आधार लागतो,
कुठंतरी टेकल्याशिवाय घास उतरत नाही, आपल्यासारखाच.
मग फोटो सोपा ना?
सुमेध, तू अजून नववीत आहेस.

तांबोळी वहिनींनी दिलेली हमेलियाची फांदी
तीन वर्षांत माझ्या डोक्यावर गेली.
नारिंगी नळ्याच नळ्या, दर नळीत थेंबभर ऐवज.
नर येतो सात चाळीसला.
सावलीत असला तर नुसता कोळसा.
मान वळवली की त्याच कोळशातून जांभळं,
मग मोरपिशी, मग पेटलेलं काहीतरी,
आणि मान परत वळली की विझलं.
पूर्वी मी काळ्या-पांढऱ्या फोटोंना ब्रशनं रंग भरायचो,
गालांना गुलाबी, शालूला हिरवा, दोन रुपये जादा.
हा रंग माझ्या डबीत नव्हता.

मिरची जास्वंदीशी तो सरळ वागत नाही.
ती तोंड उघडत नाही, म्हणून हा बुडाशी भोक पाडतो
आणि मागल्या दारानं पिऊन जातो.
ते तेवढं सापडलं मला :
अर्धी चोच, पूर्ण गुन्हा.
बाकी तीनशे फोटोंत
हलणारी फांदी आहे.

फेब्रुवारीत माळा आवरला.
स्टुडिओतला पडदा निघाला गुंडाळलेला,
दल सरोवर, एक शिकारा, दोन हंस,
पेंटर घाडगेंनी काश्मीर न बघता काढलेलं.
ह्या सरोवराच्या काठी
निम्म्या साताऱ्याची लग्नं ठरली.
कडेला वाळवी लागलेली. तारेवर टाकला उन्हात.

मादीकडं माझं लक्षच नव्हतं कधी.
वरून मातकट, खालून फिकट पिवळी,
रोज यायची, माझ्या फोटोंच्या कडेला असायची,
मी कापून टाकायचो.
त्या दिवशी ती पडद्यावर उतरली,
जिथं एका हंसाची मान उसवली होती तिथं,
आणि चोचीत एक दोरा धरून
मागं मागं ओढत राहिली.
सुटेना. पाय रोवले. परत ओढला.
सुटला. गेली.
पाच मिनिटांत परत.

बोगनवेलीत, माझ्या खुर्चीपासून चार हातांवर,
लोंबणारी थैली आहे :
कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, सालपटं, अळ्यांची घाण,
आणि मधूनमधून दल सरोवराचं निळं.
बाहेरून बघितलं तर कचरा अडकलाय वाटेल.
आतून ती चोच तेवढी बाहेर काढून बसते.
उजेड चांगला असतो. अंतरही बरोबर.
कॅमेरा मांडीवर असतो.
मी हलत नाही.

विजयमाला रोज विचारते,
तो पडदा आत कधी घ्यायचा? रंग उडाला सगळा,
एक हंस तर गेलाच.
मी म्हणतो, राहू दे.
गिऱ्हाईक आहे अजून.