इतिवृत्त

सभेचं इतिवृत्त मी लिहितो.
एकोणीस वर्षं, चोपड्याच्या पंचायत समितीत,
खिडकीजवळच्या त्या टेबलावर
जिथे पंख्याचा वारा फक्त कागदांना लागतो.

ठराव क्रमांक सत्तावीस. गूळ नदीवर पूल.
(नाव गूळ, पाणी मचूळ, आणि भादव्यात
पोरांची शाळा आठ-आठ दिवस पल्याड.)
सूचक : देवकाबाई कोळी.
अनुमोदक : कुर्बान तडवी.
बाजूने सहा, विरोधात चार.
चारातले पहिले यादवराव निकुंभ, म्हणजे आप्पा.
त्यांचं म्हणणं मी शब्दशः उतरवलं आहे :
‘बेचाळीस लाख नदीत टाकताय.
चार घरांसाठी पूल? पोहायला शिका म्हणावं.’
(हशा.)
खाली त्यांची सही,
‘भ’ची शेपटी पार खालच्या नावात घुसलेली.

मग निवडणूक. देवकाबाई पडल्या,
सत्त्याऐंशी मतांनी.
पूल मात्र उभा राहिला.

काल लोकार्पण झालं.
कमानीला केळीचे खांब, घडासकट,
आणि फ्लेक्सवर आप्पा, जवळजवळ पुलाएवढे लांब :
‘दिला शब्द पाळला.’
शब्द दिला होता, हे खरं.
दप्तरात आहे, पान एकशे तेरा.

कात्री चालेना. नायलॉनची फीत
दोनदा नुसती चावली गेली,
शेवटी ग्रामसेवकाने मागून ओढून तोडली.
टाळ्या.
‘हा पूल,’ आप्पा म्हणाले, ‘मी वर्षानुवर्षं
उराशी बाळगलेलं स्वप्न.’
पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

ते भाषण मी लिहून दिलं होतं.
आदल्या रात्री, त्याच टेबलावर, त्याच पेनाने.
‘उराशी बाळगलेलं’ माझंच.
सुचलं तेव्हा
बरंसुद्धा वाटलं होतं.

आज सकाळी मंडपाची बिलं घ्यायला गेलो
तर कमानीखाली देवकाबाई, हातात विळा.
‘भाऊ, कार्यक्रम सरना ना?
या खांब लई जाऊ का ढोरेसले?’
म्हटलं, न्या.
त्यांची कुठे नोंद नाही.

दोन खांब डोक्यावर घेऊन
त्या पुलावरून पल्याड गेल्या,
कोनशिलेपाशी थांबल्या नाहीत.
घाई होती, गाय बांधलेली होती.

कचेरीत येऊन मी पान एकशे तेरा काढलं.
शाई जरा फिकी झालीय.
हशा अजून कंसात आहे.